गिलाव्याचे किल्ले

खालापूर तालुक्यांत खोपोली-पाली रस्त्यापासून थोडें आंत, चावणी गांवाच्या अंगास, उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारी महिन्यांत शिवाजी महाराजांनीं येथें शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान याची वाट रोखली. घाट उतरून कोंकणांत शिरूं पाहणारी मोंगलांची फौज दाट झाडींतील अरुंद वाटेंत सांपडली. पुढें मावळे, मागें मावळे आणि दोन्ही अंगांस उभे डोंगर. जवळचें सामान टाकून देऊन खानाला जीव वांचवावा लागला. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशाला काय दिसतें? एक ओढा, भोंवतीं रान, आणि अलीकडच्या काळांत उभारलेलें एक स्मारक. तट नाहीं, बुरूज नाहीं. पडकी भिंतसुद्धां नाहीं. लढाईचें सारें चित्र प्रवाशानें आपल्या मनांतच उभें करावयाचें.

त्याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगास, जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरील चौक गांवाजवळ, कर्जतच्या वाटेवर, २००५ सालीं एक निराळीच सृष्टि आकाराला आली. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनीं तेथें विस्तीर्ण जागा घेऊन चित्रपटांचा स्टुडिओ वसविला. त्यांत तट आणि बुरूज उभे राहिले. हत्ती सहज आंत जाईल असे दरवाजे, नक्षीदार कमानींचे दरबार, राजवाडे उभे राहिले. पुढें पुढें केवळ चित्रपटवालेच नव्हेत, तर मुंबई-पुण्याचीं कुटुंबेंहि हें सारें पाहण्यासाठीं गाड्या करून येऊं लागलीं. इतिहास जेथें घडला तेथें पाहण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं, आणि पाहण्यासारखें जेथें उभें राहिलें तेथें कांहीं घडलेलें नव्हतें. एकाच तालुक्यांतील या दोन जागांमधलें अंतर थोडक्या कोसांचें आहे. परंतु तें ज्या द्रव्यानें भरून काढलें तें द्रव्य, आणि तें हाताळणारे हात, यांची हकीकत बरीच लांबची आहे.

त्या द्रव्याचें नांव प्लॅस्टर ऑफ पॅरिस. पॅरिस शहरांतील मोंमार्त्र टेकडीच्या पोटांत जिप्सम या खनिजाच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हें नांव पडलें. आपल्याकडे तें खनिज मुख्यतः राजस्थानांत, बिकानेर आणि नागौर या भागांत निघतें. जिप्सम हा दिसायला दगड. पण त्याच्या वजनाचा जवळजवळ पांचवा हिस्सा पाणीच असतें, आणि तें कणाकणांत बांधलेलें असतें. दगड सुमारें दीडशें अंश उष्णतेवर भाजला कीं त्यांतील तीनचतुर्थांश पाणी उडून जातें आणि पांढरी, मऊ पूड राहते. या पुडींत पुन्हां पाणी घातलें म्हणजे गेलेलें पाणी ती परत शोषून घेते. सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात, हाताला ऊब लागते, आणि दहा-वीस मिनिटांत लगद्याचा पुन्हां दगड होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए यानें आपल्या उमेदीच्या काळांत, १७६५ च्या सुमारास, या घडामोडीचा उलगडा केला. या द्रव्याचा आणखी एक गुण असा कीं, घट्ट होतांना तें आकसत नाहीं, उलट किंचित् फुगतें. त्यामुळें सांच्याच्या अगदीं बारीक रेघेंतसुद्धां तें शिरतें. बोटाच्या ठशांतील वळणेंहि त्यांत उमटतात. नक्कल करण्यासाठींच जणूं निसर्गानें तें निर्माण केलें आहे.

आपल्या जुन्या गवंड्यांना गिलावा नवा नव्हता. पण त्यांचा गिलावा चुन्याचा. अनेक गडांवर आजहि चुन्याची घाणी दिसते. दगडांत कोरलेला वर्तुळाकार चर आणि त्यांत बैलांनीं फिरवावयाचें जड चाक, असें तिचें स्वरूप. चुना आणि वाळू तींत मळून मळून एकजीव करीत. चुना घट्ट होतो तो हवेंतील वायु शोषून, आणि त्याला महिनेच काय, वर्षेंहि लागतात. म्हणून पिढ्यांचा हिशेब धरून बांधणारांचें तें द्रव्य. ज्याला अर्ध्या तासांत भिंत हवी, त्याचें द्रव्य प्लॅस्टर. या दोहोंतील फरक केवळ रसायनाचा नाहीं, बांधणाराच्या मनांतील काळाचा आहे.

मुंबईंत प्लॅस्टरचें शास्त्रशुद्ध काम रुजलें तें १८५७ मध्यें निघालेल्या जे. जे. कलाशाळेमुळें. युरोपांतील प्राचीन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला समोर ठेवून विद्यार्थ्यांनीं हात बसवावा, अशी तेथील रीत होती. याच शाळेंत विद्यार्थी असतांना गणपतराव म्हात्रे यांनीं १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविला आणि देशभर नांव मिळविलें. तो पुतळाहि प्लॅस्टरचाच होता. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील, सासवणें गांवचे विनायकराव करमरकर हे घरच्या गणपति करण्याच्या व्यवसायांतून याच शाळेंत गेले. १९२८ मध्यें पुण्यांत बसविलेला शिवाजी महाराजांचा त्यांचा अश्वारूढ पुतळा सर्वांना ठाऊक आहे. तो ब्राँझचा, परंतु ब्राँझच्या पुतळ्याच्या जन्मांतहि मधला एक मुक्काम प्लॅस्टरचा असतोच. माती ओली, मोडणारी, धातु कायमचा, दोहोंमधील निरोप्या प्लॅस्टर. काम संपल्यावर बहुधा तें फोडून टाकतात.

देखावे मांडण्याची हौसहि याच काळांत शहरी लोकांच्या परिचयाची झाली. ‘डायोरामा’ हा शब्दहि पॅरिसचाच. छायाचित्रणाचा एक जनक लुई दागेर यानें आपल्या एका सहकाऱ्यासह १८२२ मध्यें तेथें या नांवाचें एक प्रेक्षागृह उघडलें. प्रचंड पडद्यांवर मागून-पुढून उजेड टाकून सकाळची संध्याकाळ करून दाखवीत आणि लोक पैसे देऊन थक्क होत. पुढें या शब्दाचा अर्थ पालटला. पुढच्या बाजूस खऱ्या घडीव वस्तु, मध्यें अर्धवट उठावाच्या, आणि मागें नुसता रंगविलेला पडदा, अशी पेटींत किंवा दालनांत केलेली मांडणी, असा तो झाला. भायखळ्याच्या संग्रहालयांत, ज्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे, असे देखावे आणि मातीचीं छोटीं माणसें अद्याप पाहावयास मिळतात. महाराष्ट्रांतील घरोघरच्या मुलांना मात्र यासाठीं संग्रहालयांत जाण्याची गरज पडली नाहीं. दिवाळींत अंगणांत दगड रचून, त्यांवर किंतान टाकून, किंतानावर चिखल लिंपून, अळीव पेरून जो किल्ला करतात, तो डायोरामाच नव्हे तर काय? आणि गंमत अशी कीं, किंतानावर ओला लगदा लिंपण्याची जी युक्ति मुलें आईचें ओरडणें खात शिकतात, तिचेंच पेटंट १८५६ मध्यें देसाशी नांवाच्या एका फ्रेंच कारागिरानें इंग्लंडांत घेतलें होतें. प्लॅस्टर एकटें ठिसूळ. त्याच्या पोटांत कापड किंवा तंतु घातले म्हणजे तेंच पातळ, हलकें आणि चिवट होतें. स्टुडिओंतील सारे किल्ले या एका युक्तीवर उभे असतात.

मराठी चित्रपटसृष्टीनें ही विद्या लवकर आत्मसात् केली. आरंभीं नाटकांप्रमाणें चित्रपटांतहि रंगविलेले पडदेच असत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे स्वतः नाटकांचे पडदे रंगविण्यांत नांवाजलेले; तरी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांत त्यांनींच पडदा बाजूला सारून घडीव, फिरतां येईल असे वाडे उभे केले. त्यांच्याच तालमींत तयार झालेल्या दामले-फत्तेलाल यांनीं ‘प्रभात’मध्यें ती परंपरा पुढें नेली. पडद्यावरची भिंत एकाच जागेवरून खरी दिसते. घडीव भिंतीभोंवतीं कॅमेरा हिंडूं शकतो. हा फरक ध्यानांत आला तेव्हांपासून सुतार, सांचे काढणारे आणि रंगारी ही त्रयी प्रत्येक स्टुडिओचा कणा झाली.

नितीन देसाई यांचा जन्म १९६५ चा. दूरदर्शनवरील ‘तमस’ या कृतीच्या वेळीं ते कलादिग्दर्शक नीतीश रॉय यांच्या हाताखालीं उमेदवारी करीत होते. पुढें ‘चाणक्य’ मालिकेंत त्यांना प्राचीन पाटलिपुत्र उभें करावें लागलें. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढ्या कामांत एक गोष्ट त्यांना वरचेवर पाहावी लागली असणार. शेंकडों माणसांनीं महिनेंमहिनें खपून उभारलेला वाडा चित्रीकरण संपतांच पाडला जातो, कारण स्टुडिओची जागा भाड्याची असते आणि दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याचा वाडा त्याच जागीं उभा राहावयाचा असतो. चौकजवळ स्वतःची जागा घेण्यांत अनेक हिशेब असतील. मुंबई जवळ, जागा मोकळी, मागें सह्याद्रीचे डोंगर, म्हणजे कोणी न रंगविलेला मागचा पडदा. परंतु सर्वांत मोठा पालट हा झाला कीं, येथें उभें केलेलें पाडण्याची निकड उरली नाहीं.

२००८ मध्यें प्रदर्शित झालेल्या ‘जोधा अकबर’ या आशुतोष गोवारीकर यांच्या चित्रपटासाठीं येथें आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृति उभी राहिली. आग्र्याचा खरा किल्ला तांबड्या वालुकाश्माचा, चौकचा प्लॅस्टरचा. असें काम कसें उठतें हें पाहण्यासारखें असतें. आधीं कागदावर आराखडा, मग पुठ्ठ्याचा हातभर उंचीचा नमुना; त्या नमुन्यांतून डोळा लावून दिग्दर्शक आणि छायाचित्रकार कोठून काय दिसेल तें ठरवितात. जें दिसणार नाहीं तें बांधावयाचें नाहीं, हा पहिला नियम. त्यानंतर सुतार लांकडाचा आणि बांबूंचा सांगाडा उभा करतात. तिकडे छपरीखालीं मोल्डिंगवाले मातींत एकच कमान, एकच जाळी, एकच कमळ अगदीं नेमकें घडवितात. त्यावर साबणाचें पाणी वा तेल फिरवून सांचा काढतात, आणि मग त्या एका सांच्यांतून शेंकडों कमानी निघूं लागतात. खऱ्या किल्ल्यांत प्रत्येक कमळ निराळ्या हातानें कोरलेलें, म्हणून थोडें निराळें. येथें सारीं कमळें सख्खीं जुळीं भावंडें. चांगला कारागीर हें ओळखतो आणि अधूनमधून एखाद्या पाकळीवर मुद्दाम सुरी फिरवितो.

घमेल्यांतील कामाला स्वतःचा कायदा असतो. पाण्यांत प्लॅस्टर टाकावयाचें, प्लॅस्टरवर पाणी ओतावयाचें नाहीं; नाहीं तर गुठळ्या राहतात. घमेलें प्रत्येक खेपेस स्वच्छ खरवडावयाचें, कारण आधींचा घट्ट झालेला कण नव्या लगद्यांत राहिला तर तो सगळ्या लगद्याला आपल्या वाटेनें ओढतो आणि सांचा भरण्यापूर्वींच तो आळतो. घाई असेल तर चिमूटभर मीठ. सवड हवी असेल तर थोडा सरस. पहिला हात पातळ, नुसत्या नक्षीपुरता. त्यावर काथ्याचे झुबके किंवा किंतानाचे तुकडे लगद्यांत भिजवून, बोटांनीं दाबून बसवावयाचे. असा तयार झालेला तुकडा एक माणूस पाठीवर घेऊन परांचीवर चढतो. तेवढ्याच आकाराच्या दगडाला पांचपन्नास माणसें लागलीं असतीं. वर गेल्यावर तुकडे सांगाड्याला ठोकतात, तारेनें बांधतात, सांधे लिंपतात, आणि मग भिंत रंगाऱ्याच्या हातीं जाते. खरी कला बहुधा येथेंच आहे. नवा तांबडा रंग देणें सोपें. त्यावर चारशें वर्षांचा पाऊस, धूर, पारव्यांची विष्ठा आणि हात लागून गुळगुळीत झालेला कोपरा रंगविणें कठीण. सारें जमलें म्हणजे डोळ्याला संशय येत नाहीं. फक्त भिंतीवर टिचकी मारूं नये. ती डब्यासारखी वाजते.

हें सारें खोटें म्हणून नाक मुरडणारांनीं कर्जत तालुक्यांत, राजमाचीच्या पायथ्याशीं, कोंडाणें लेण्याकडे एकवार पाहावें. इसवी सनाच्या आरंभापूर्वींचें हें बौद्ध लेणें. अखंड कातळांतून चैत्यगृह खोदतांना त्या कारागिरांनीं त्याला रूप दिलें तें लांकडी इमारतीचें. तुळयांचीं टोंकें, कठडे, जाळ्या, कमानीचे वासे, ज्यांची दगडाला कांहीं गरज नव्हती, तें सारें त्यांनीं दगडांत हुबेहूब कोरलें. कारण त्यांच्या काळच्या माणसाच्या डोळ्याला मंदिर म्हणजे लांकडी मंदिर. एका द्रव्यांत दुसऱ्या द्रव्याचें सोंग आणणें ही या भागांतील दोन हजार वर्षांची जुनी विद्या आहे. लेण्याच्या दर्शनी भागीं एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. कण्ह याचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा आशय. राजाचें नांव नाहीं, दानाचा आंकडा नाहीं. करणाराचें नांव आहे. चौकच्या तटांना ज्यांनीं हात लावले त्यांचीं नांवें अशीं कोणत्याहि भिंतीवर नाहींत. प्लॅस्टरवर नांव कोरलें असतें तरी तें किती पावसाळे टिकलें असतें, हा प्रश्न निराळा.

२००८ च्या अखेरीस ‘राजा शिवछत्रपति’ ही देसाई यांची दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली आणि तिच्यासाठीं शिवकाळ याच जागेंत उभा राहिला. येथें कलादिग्दर्शकाची जबाबदारी वाढते, कारण आग्र्याचा किल्ला जाऊन पाहतां येतो. रायगडावरचा दरबार पाहतां येत नाहीं. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं रायगडावर तोफा डागल्या. त्या वेळच्या आगींत वरचें लांकडी काम जळून गेलें. आज तेथें जोतीं आहेत, सिंहासनाची जागा आहे, नगारखान्याची भव्य दगडी कमान आहे. परंतु दरबाराचे खांब कसे होते, छत केवढ्या उंचीवर होतें, हें सांगणारें लांकूड एकहि शिल्लक नाहीं. बखरी, १६७४ च्या राज्याभिषेकास हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडन या इंग्रज वकिलाचा वृत्तान्त, आणि नंतरच्या काळांतील मराठी वाडे, यांवरून अंदाज बांधावा लागतो. अंदाज बांधणें हा दोष नव्हे. इतिहासकारहि तेंच करतो. परंतु इतिहासकार ‘असावें’, ‘बहुधा’, ‘संभवतें’ असे शब्द वापरूं शकतो. प्लॅस्टरच्या खांबाला ‘बहुधा’ म्हणतां येत नाहीं. तो एकदां उभा राहिला कीं ठामपणें उभा राहतो, आणि मालिका पाहिलेल्या मुलाच्या मनांत रायगडाचा दरबार कायमचा तसाच होऊन बसतो. पुढें तें मूल खऱ्या रायगडावर गेलें तर उघडीं जोतीं पाहून त्याचा विरस होण्याचा संभव अधिक. चौकच्या आसपास इर्शाळगड आहे, प्रबळगड आहे, माणिकगड आहे. इर्शाळगडावर पाण्याचीं टाकीं आणि वारा घुमणारें नेढें याखेरीज फारसें कांहीं नाहीं. त्या उघड्या सुळक्याकडे पाहून शिवकाळ ओळखावयाचा तर आधीं बरेंच वाचावें लागतें. प्लॅस्टरच्या दरबारांत शिरावयास तिकीट पुरतें. तरीहि एवढें मान्य केलें पाहिजे कीं, ज्या हजारों मुलांनीं एरवीं कोणतेंच पुस्तक उघडलें नसतें, त्यांना त्या दरबारानें निदान पहिला प्रश्न विचारावयास लावलें.

प्लॅस्टरचा खरा शत्रु मात्र टीकाकार नव्हे, पाऊस. या भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक पाऊस कोसळतो. शेजारच्या पेण तालुक्यांत गणपतीच्या मूर्तींबाबत वर्षानुवर्षें उलट तक्रार ऐकूं येते कीं, प्लॅस्टरची मूर्ति पाण्यांत विरघळतच नाहीं. २०२० मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली तिच्या मागेंहि ही तक्रार होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या कशा? एका लिटर पाण्यांत जिप्सम विरघळतें तें फक्त दोन ग्रॅमच्या आसपास. तळ्याचें पाणी साचलेलें. मूर्तीजवळचें पाणी तेवढें घेऊन तृप्त होतें आणि मूर्ति महिनेंमहिनें तशीच पडून राहते. पाऊस मात्र क्षणोक्षणीं नवें, कोरें पाणी आणतो आणि प्रत्येक थेंब आपला वांटा घेऊन खालीं जातो. नाकाडोळ्यांच्या रेघा आधीं जातात, मग कंगोरे, मग रंगाखालून पापुद्रे सुटतात. सांध्यांतून पाणी आंत शिरलें कीं काथ्या कुजतो, खिळे गंजतात, आणि लांकडाला वाळवी लागण्याची भीति असते. म्हणून असा किल्ला ठेवावयाचा तर दर पावसाळ्याआधीं झांकावा लागतो आणि दर पावसाळ्यानंतर डागडुजी करावी लागते. पाडलेल्या वाड्याचा खर्च एकदांच होतो; राखलेल्या वाड्याचा दर वर्षीं.

दुसरा शत्रु अग्नि. ७ मे २०२१ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, स्टुडिओंत आग लागली आणि ‘जोधा अकबर’चा तो प्रसिद्ध देखावा तींत भस्मसात् झाला. जिप्सम स्वतः जळत नाहीं. उलट पोटांतलें पाणी वाफेच्या रूपानें सोडून तें कांहीं काळ आगीला थोपविते, म्हणून इमारतींत आगीपासून संरक्षणासाठीं त्याचे तक्ते लावतात. परंतु येथें बोटभर जाडीचा थर, आणि त्यामागें सुकलेला बांबू, लांकूड, किंतान, वर रंग. पाणी निघून गेलें कीं प्लॅस्टरची पुन्हां तीच मूळची भुसभुशीत पूड होते आणि ती ज्याला धरून होती तो सांगाडा पेटलेला असतो. हें दैव या जातीच्या बांधकामांना पूर्वींहि आलें आहे. १८९३ मध्यें शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत प्लॅस्टर आणि तागाच्या मिश्रणांतून एक अख्खें शुभ्र नगर वसविलें होतें आणि त्याच्या दर्शनानें जगभरचे लोक दिपून गेले होते. पुढच्याच वर्षीं त्याचा मोठा भाग आगींत गेला. दागेरचें पॅरिसमधील डायोरामागृहहि १८३९ मध्यें जळालें.

चौकचें नुकसान आगीपुरतें नव्हतें. स्टुडिओवर कर्जाचा डोंगर वाढत गेला होता. व्याज धरून तो २५० कोटी रुपयांच्या वर गेल्याचें पुढें प्रसिद्ध झालें. २०२० नंतरच्या साथीच्या काळांत चित्रीकरणें आणि प्रवासी दोन्ही बंद पडलीं होतीं. एवढ्या कर्जाचीं कारणें अनेक असतात आणि त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. जुलै २०२३ मध्यें कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेण्यांत आली. २ ऑगस्ट २०२३ च्या सकाळीं, वयाच्या ५८ व्या वर्षांत, देसाई यांचा त्याच स्टुडिओंत अंत झाल्याचें उघडकीस आलें. पुढें ही जागा राज्य शासनाच्या चित्रपट महामंडळाकडे आली. खाजगी मालकाला जें झेपलें नाहीं तें सार्वजनिक संस्थेला झेपेल काय, हें पावसाळ्यांची संख्याच ठरवील. परंतु तेथें काय राखावें आणि काय निःशंकपणें पाडावें, याचा विचार करतांना हिशेबनिसाइतकाच एखाद्या जुन्या मोल्डिंगवाल्याचा सल्ला घेतला गेला तर बरें होईल. कोणत्या भिंतीच्या आंत काय आहे, हें त्यालाच ठाऊक असणार.

देसाई यांचें अखेरचें मोठें काम मात्र चौकला नव्हतें. लालबागच्या राजाच्या मंडपाची सजावट ते अनेक वर्षें करीत असत. २०२३ हें राज्याभिषेकाचें ३५० वें वर्ष, म्हणून त्या वर्षीं शिवराज्याभिषेकाचा विषय त्यांनीं मुक्रर केला होता. त्यांच्या मागें त्यांच्या आराखड्यावरून तो देखावा पुरा झाला. १९ सप्टेंबरला गणपति बसले. लाखों लोक तासन्‌तास रांगेंत उभे राहून त्या दरबाराखालून गेले. २८ तारखेला अनंतचतुर्दशी झाली आणि मग, दर वर्षींप्रमाणें, मंडप उतरविण्यांत आला.